दीडशेवा जोड

सक्करदरा, नागपूर
मंगळवार, ८ जुलै

आदरणीय धोंडबामामा यांस,

नागसेनचा सप्रेम जयभीम. सिंधूमामींनाही जयभीम, आणि नात दीक्षाला आशीर्वाद. (ती आता नर्स झाली, म्हणजे यापुढे आपणच तिच्यापुढे दंड उघडा करून बसायचं, पण रीत आहे म्हणून लिहिलं.) तुमची तब्येत ठीक असेल, बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेत असाल, आणि मामींची नजर चुकवून शेवचिवडा आणणं बंद केलं असेल, अशी आशा आहे. शेवटच्या गोष्टीबद्दल माझी आशा जरा कमी आहे. इकडे आम्ही मजेत आहोत. माया बरी आहे. प्रशिक बारावीला गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलायची बंदी आहे, त्यामुळे मी आणि माया भांडतोसुद्धा खुणांनी, आणि खुणांनी भांडताना तीच जिंकते.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तर त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे फोनवर तुम्ही नुसतं 'हाव' म्हणता आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ठेवून देता. (गेल्या वर्षी माया दवाखान्यात आहे हे सांगायला मला चार फोन लागले होते.) दुसरं म्हणजे आलेलं पत्र तुम्ही कन्हानच्या चौकात बाकावर बसून तुमच्या कोळसा खाणीतल्या जुन्या मंडळींना वाचून दाखवता, आणि आजची बातमी वाचून दाखवण्यासारखी आहे. पत्र शुद्ध भाषेत लिहावं ही तुमचीच शिकवण, म्हणून सुरुवात तरी शुद्ध केली आहे. पुढे घसरलो तर सांभाळून घ्या.

बातमी अशी की तुमचा भाचा जून महिन्याचा मानकरी ठरला. सीताबर्डीच्या आमच्या सुखचरण बूट हाऊसमध्ये, गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर, आग विझवायच्या लाल नळकांड्याच्या बाजूला माझा फोटो लागला आहे. फ्रेम सोनेरी आहे. गळ्यात टाय आहे. (टाय दुकानाची आहे, फोटोपुरती मिळाली, आणि मागून तिला सेफ्टी पिन लावली आहे, पण फोटोत मागचं दिसत नाही.) गिऱ्हाईक पैसे द्यायला उभं राहिलं की आधी नळकांडं बघते आणि मग मला बघते. एका बाईनं तर विचारलं, हे शेटजी वारले का. मी पुढे होऊन सांगितलं की हे मीच आहे आणि जिवंत आहे. तिनं मग मोज्यांचे दोन जोड जास्तीचे घेतले.

मामा, हा मान साधा नाही. सव्वीस वर्षं मी त्या दुकानात स्टुलावर बसून लोकांच्या पायात बूट घालतो आहे. मी ही नोकरी धरली तेव्हा आपल्याच नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली होती, आठवते ना? बीए झालेला पोरगा लोकांच्या पायाला हात लावेल, म्हणे. तेव्हा एकटे तुम्ही बोलले होते, आणि ते मी अजून विसरलो नाही. तुम्ही म्हणाले, "पायाले हात लावाचा तं माप घ्याले लाव. लाचारीनं लावू नोको." मी तेच केलं. माणूस दारातून आत आला की त्याच्या चालीवरून मी त्याचा नंबर सांगतो. बूट घातल्यावर त्याला उभं करतो, समोरून आपल्या अंगठ्यानं दाबून बघतो, आणि त्याच्या बोटाच्या पुढे माझ्या अंगठ्याएवढी जागा असल्याशिवाय बिल करत नाही. सव्वीस वर्षांत माझ्या हातचा एक जोड चुकीच्या नंबरापायी परत आलेला नाही. हे वाक्य बाकावर दोनदा वाचून दाखवलं तरी माझी हरकत नाही.

आता हा मानकरी प्रकार कुठून आला ते सांगतो. मोठ्या शेटजींचे नातू अपूर्वसाहेब पुण्याहून व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन मार्चमध्ये आले. पोरगा वाईट नाही. आम्हाला काका म्हणतो, स्वतःचा डबा स्वतः धुतो. पण शिकून आलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. त्यानं पहिल्या आठवड्यात दुकानात एक पांढरा फळा लावला, त्यावर आम्हा पाच जणांची नावं लिहिली, आणि सांगितलं की आजपासून प्रत्येकाचं टार्गेट महिन्याला दीडशे जोड. प्रत्येक जोडासोबत मोजे नाही तर पॉलिश, काही ना काही गळ्यात मारायचंच. दीडशे झाले की गल्ल्यावरची पितळी घंटा वाजणार, आणि सगळ्यात आधी ज्याचे होतील त्याचा फोटो लागणार. लागोपाठ दोन महिने ज्याचे दीडशे होणार नाहीत, तो माळ्यावर जाणार.

माळा म्हणजे काय ते बाकावरच्या मंडळींना समजावून सांगा. आमच्या दुकानाला वर पत्र्याचा माळा आहे, सगळा माल तिथे. खालच्या छताला चौकोनी भोक आहे. खालून आपण 'आठ तपकिरी' असं ओरडायचं, वरचा माणूस खोकं सोडतो, आणि आपण झेलायचं. (सव्वीस वर्षांत मी एकही खोकं पाडलं नाही, हेही वाचून दाखवा.) वरच्या माणसाला दिवसभर गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, भोकातून फक्त टकलं दिसतात. मे महिन्यात वरचा पत्रा असा तापतो की खोक्यांचा डिंक सुटतो.

आधी आमच्याकडे बाकाची पाळी होती. पाच माणसं बाकावर बसायची, गिऱ्हाईक आलं की ज्याची पाळी तो उठायचा, बाकीचे त्याला मदत करायचे. एक जण बूट दाखवायचा, दुसरा नाड्या ओवायचा, तिसरा नाकारलेले जोड खोक्यात भरायचा. टार्गेट आल्यावर बाक रिकामा झाला आणि आम्ही पाचही जण दारात उभे राहू लागलो. लोक आत यायला भ्यायला लागले. एक म्हातारा फक्त मेट्रोचं स्टेशन कुठे आहे ते विचारायला पायरी चढला होता, तो सॅन्डल घेऊन बाहेर पडला, आणि स्टेशन कोणी सांगितलंच नाही. नाकारलेले जोड खोक्यात कोणीच भरेना, कारण भरण्याचे आकडे फळ्यावर चढत नाहीत. दुपारी दुकानात बुटांचा असा ढीग पडायचा की कोणता उजवा कोणत्या डाव्याचा हे शोधायला आम्हाला सगळ्यांना खाली बसावं लागे, आणि तेवढ्या वेळात कोणी आपलं गिऱ्हाईक पळवेल म्हणून एक डोळा दारावर.

आमच्यातली सोनिका नावाची पोरगी लहान मुलांच्या बुटात उस्ताद आहे. लेकराला बूट घालून ती त्याला अर्धा तास दुकानात पळवायची, त्याच्याशी शर्यत लावायची, आणि मगच बूट द्यायची. आता लेकराचा जोडही एक आणि मोठ्याचा जोडही एक. सोनिकानं पळवणं बंद केलं. लेकरू रडत असलं तरी ती एक डोळा फळ्यावर ठेवून बिल फाडते. मला ते पाहवत नव्हतं, पण मीही काही कमी नाही. आमच्याच सक्करदऱ्याच्या कामिनीबाई, निवृत्त शिक्षिका, न्हाणीत घालायला सपाता घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना पळायचे बूट दिले, टाचेत लाल दिवा लागणारे, आणि वर पॉलिश. (त्या बुटाला पॉलिश लागत नाही.) आता तलावावर सकाळी लोक त्यांना विचारतात, बाई आज धावत नाही का, आणि शरमेपोटी त्यांना धावावं लागते. परवा भेटल्या तर म्हणाल्या, गुडघे गेले पण वजन उतरलं. जोड परत आला नाही, एवढं लक्षात घ्या.

सगळ्यात वाईट म्हणजे लपवाछपवी. चालणारा माल कोणता, तर सात, आठ आणि नऊ नंबर. जून महिन्यात हे नंबर दुकानातून नाहीसे झाले. प्रत्येक जण आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी चांगला जोड दाबून ठेवायला लागला. कोणी पाण्याच्या कूलरमागे, कोणी शाळेच्या दप्तरांत, एकानं तर स्वतःच्या जेवणाच्या पिशवीत सात नंबरची लेडीज सॅन्डल ठेवली आणि घरी बायकोनं ती आधी पाहिली. (त्याचे ते चार दिवस वेगळ्या पत्राचा विषय आहेत.) अपूर्वसाहेबांचा कॉम्प्युटर म्हणे माल आहे, आम्ही म्हणू माल नाही, आणि गिऱ्हाईक आमच्या तोंडाकडे बघत निघून जाई. शंभर दुकानं पाहिली असतील मी, पण असा लबाडीचा बाजार कुठे पाहिला नाही. तुमचा भाचा असल्या गोष्टींपासून दूर, हे सांगायला नको.

ह्यात पहिला बळी गेला तो बाबारावचा. बाबाराव माझ्या आधी चार वर्षं लागला, आम्ही दोघं बाकावर शेजारी बसायचो, चार वाजताचा चहा एकाच कपबशीत अर्धा-अर्धा. रोज सकाळी अपूर्वसाहेब आम्हाला गोल उभं करून आजचं स्वप्न सांगायला लावतात. बाबारावचं स्वप्न एकच, आज घरी लवकर जायचं. दुसरं त्याला सुचलंच नाही. एप्रिल गेला, मे गेला, आणि एक जूनला बाबाराव अठ्ठावन्नाव्या वर्षी शिडीनं माळ्यावर गेला. आता त्याचा अर्धा चहा मी दोरीच्या टोपलीतून वर पाठवतो. पोचेपर्यंत पाव राहतो.

मे महिन्यात फळ्यावर माझंही नाव लाल होतं मामा. अकरा जोड कमी पडले. म्हणजे जून चुकला असता तर बाबारावच्या शेजारी माझी शिडी लागलीच होती. माया रोज संध्याकाळी विचारायची, किती झाले. आधी ती विचारायची, जेवाले काय करू. मी झोपेत नंबर ओरडायला लागलो, असं प्रशिक सांगतो. तीस जूनला दुपारी चार वाजता फळ्यावर माझ्या नावापुढे एकशे एकोणपन्नास होते, आणि सोनिकाचे एकशे अठ्ठेचाळीस. दुकानात चिटपाखरू नव्हतं. मी दारात उभं राहून रस्त्यावरच्या लोकांच्या पायांकडे बघत होतो, आणि त्या गर्दीतून दोन ओळखीचे पाय माझ्याकडे चालत आले. तुमचे.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण बाकावरच्यांना माहीत नाही म्हणून लिहितो. तेरा तारखेला दीक्षाच्या कॉलेजचा पदवीचा कार्यक्रम. तिथे प्रत्येक पोरीसोबत घरचं एक वडीलधारं माणूस मंचावर चालत जाणार, आणि दीक्षानं आईबाप सोडून आजोबांचं नाव दिलं. ज्या माणसानं पस्तीस वर्षं कंपनीचे खाणीतले बूट घातले आणि बाकी आयुष्य चपलेत काढलं, तो माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी चामड्याचे बूट घ्यायला आला होता, आणि तोही माझ्याकडे. सोनिका पुढे झेपावली, पण मी तिला हातानंच थांबवलं आणि म्हणालो, हे माझे मामा आहेत. सोबतच्या मामींना बाकावर आणि तुम्हाला खुर्चीवर बसवलं, तुमचा पाय स्टुलावर घेतला. तुमचा पाय मला पाठ आहे. नंबर नऊ, पंजा रुंद, डाव्या अंगठ्याशी गाठ. वर ओरडलो, बाबारावशी दोन शब्द झाले, आणि काळा कुळकुळीत जोड तुमच्या पायात घातला. तुम्ही उभे राहिले, दोन पावलं टाकली, मामींकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसला."

बिल झालं. अपूर्वसाहेबांनी घंटा वाजवली. टाळ्या झाल्या, तुम्हीही टाळ्या वाजवल्या, आणि मी आनंदाच्या भरात तुम्हाला फळा, माळा, फोटो, नियम सगळं दाखवत सुटलो. दीडशेवा जोड माझ्या मामाच्या पायात गेला, यापेक्षा मोठा मान तो काय? दुसऱ्या दिवशी फोटो लागला. त्याची एक प्रत मोबाईलवर काढून दीक्षाला पाठवली आहे, ती तुम्हाला मोठी करून दाखवेल.

तर अशी हकिकत आहे. तेराला मी, माया आणि प्रशिक कार्यक्रमाला येतोच. मोठ्यांना जयभीम, लहानांना पापा, आणि बाकावरच्या मंडळींपैकी ज्यांना बूट घ्यायचे असतील त्यांना माझा फोटो आणि पत्ता द्यावा.

तुमचा भाचा,
नागसेन
(महिन्याचा मानकरी)

ता. क. : पत्र पाकिटात घालत होतो तेवढ्यात मायानं वाचायला मागितलं. वाचून म्हणाली, एवढं मोठं पुराण लिहिलं, पण मामांच्या पायाचं काही विचारलं नाही. म्हणून विचारतो. बूट कसा वाटून राहिला? नवं चामडं आहे, जरा धरते, मग सैल होते. टाचेला खोबरेल तेल लावावं, पुढे कापूस ठेवावा. फारच वाटलं तर बदलून देऊ, त्यात काय, पण इतक्यात सीताबर्डीला येऊ नका. बर्डीवर फार गर्दी आहे, तुम्हाला झेपायची नाही. सोळा तारखेला या. सोळा कशी बरी तारीख आहे, बुधवार आहे, निवांत असते. (पंधरा दिवसांच्या आत आलेला जोड ज्या महिन्यात विकला त्या महिन्यातून वजा होतो, असाही एक फालतू नियम आहे, पण त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही.)

ता. क. दुसरा, बुधवार : पाकीट अजून माझ्याजवळच आहे. मायानं वरचा ता. क. वाचला आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही की मला झोप येत नाही, म्हणून खरं काय ते लिहितो, आणि हा भाग बाकावर वाचू नका.

मामा, मी तुम्हाला आठ नंबर दिला.

त्या दिवशी मी वर ओरडलो होतो, 'नऊ काळा', आणि बाबारावनं सगळा माळा पालथा घालून सांगितलं की नऊ नाही, आठच आहे. मी आठ घेतला. तुम्ही उभे राहिले तेव्हा समोरून अंगठ्यानं दाबलं, तर जागा कुठली, सरळ तुमचा अंगठाच लागला. मला तेव्हाच कळलं. पण तुम्ही 'बसला' म्हणाले, आणि मी ते ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. साहेबांचा हात घंटेवर होता.

आणि याहूनही वाईट पुढे आहे. गेल्या शनिवारी कामठीचा एक धिप्पाड माणूस अकरा नंबरचे गमबूट मागायला आला. अकरा नंबर वर्षात एखादाच खपतो. बाबारावनं ते खोकं वरून सोडलं, मी झेललं, उघडलं, तर गमबुटाच्या पोटात एक काळा जोड, नऊ नंबर, आणि त्यावर माझ्याच हातची चिठ्ठी, 'ना.' एका ठेकेदारासाठी मीच तो जूनच्या सुरुवातीला लपवला होता. अकरा नंबरच्या खोक्यात कोण बघते, असा माझा हुशार विचार. तो ठेकेदार आलाच नाही, आणि मी त्या महिन्यात इतक्या ठिकाणी इतके जोड लपवले होते की तो माझ्या ध्यानातूनच गेला. (वर लपवाछपवीबद्दल जे लिहिलं, त्यातलं शेवटचं वाक्य खोडून वाचा.) बाबारावनं भोकातून खाली पाहिलं. हसला नाही, रागावला नाही. नुसतं म्हणाला, "नागसेन, हा तुह्या मामाचा नंबर व्हय ना?"

तरी मामा, हात जोडून सांगतो, सोळापर्यंत कळ काढा. कार्यक्रमात मंचावर जास्त चालायचं नाही, चार पावलं जायचं आणि चार यायचं, मी दीक्षाला विचारलं आहे. एक जोड वजा झाला तर फोटो उतरेल, आणि सोमवारपासून मी माळ्यावर. ह्या वयात मला भोकातून लोकांची टकलं बघायची नाहीत. हे लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिलं.

ता. क. तिसरा, शुक्रवार : मामा, आता शुद्ध लिहिणं बस झालं.

दुपारी सिंधूमामीचा फोन आला दुकानात. म्हणे, "तुह्या मामानं शपथ घातली व्हती, पण मले पाह्यवत नाही बापा." मग सगळं सांगितलं. तुम्ही म्हणे तीस तारखेपासून रोज सकाळ-संध्याकाळ तो बूट घालून घरातल्या घरात फिरून राहिले, चुलीपासून दारापर्यंत अन् दारापासून चुलीपर्यंत, अन् रातभर त्यात ओला कापूस कोंबून ठेवून राहिले, सैल व्हावा म्हणून. डाव्या अंगठ्याले फोड आला, फुटला, अन् दीक्षानं विचारलं तं तुम्ही सांगितलं पलंगाचा पाया लागला. नर्सले पलंगाचा पाया सांगता? ती का आंधळी आहे? तिनं मलम लावलं अन् मामीले विचारलं, तवा मामीनं मले फोन केला. तुम्ही मामीले म्हणाले म्हणे, नागसेनचा फोटो उतरवतीन, त्याले वर चढवतीन, तेरा तारखेपर्यंत पाय सहन करते माहा.

म्हणजे बूट लहान आहे हे तुम्हाले दुकानातच कळलं होतं. मले कळलं होतं अन् तुम्हालेही कळलं होतं. अन् दोघंही टाळ्या वाजवून राहिलो होतो.

मले रडू आलं मामा, खोटं काहून सांगू. नळकांड्याच्या बाजूले उभं राहून रडलो, माह्याच फोटोखाली. एका गिऱ्हाइकानं पाणी देल्लं.

मायाले सांगितलं तं ती म्हणाली, आपल्या पैशानं नऊ नंबर घ्या, मामाले नेऊन द्या, कोणाले का समजते. खरं आहे, कोणालेच नसतं समजलं. पण मले तं समजलं असतं ना. रोज सकाळी आल्यावर तो टायवाला माणूस मलेच पाह्यत असता. मी सरळ अपूर्वसाहेबाजवळ गेलो अन् सांगितलं, माहा दीडशेवा जोड वजा करा. पोराले समजेचना. त्यानं कॉम्प्युटरवर तारीख पाहिली अन् म्हणाला, काका, चार दिवस थांबा, मुदत संपते, मग कोणी विचारणार नाही. तवा मी जे बोललो ते तुमच्या बाकावर वाचून दाखवा, मनाई उठवली मी.

मी म्हणालो, "साहेब, सव्वीस वर्षांत चुकीच्या नंबरापायी माहा एक जोड परत आला नाही. हा पहिला. अन् तो मीच परत आणून राहिलो."

 मग त्यानं वजा केला. नियम नियम आहे म्हणे, सोमवारपासून माळा. सोनिकाचेही घंटेनंतर दीडशे झाले होते, तं आता तिचा फोटो लागते. (ते पाहून ती आज एका लेकरासंगं दुकानात शर्यत लावून राहिली होती, आनंदात फळा विसरली असंल.) बाबारावनं वरून सगळं ऐकलं होतं. भोकातून तोंड काढून म्हणाला, वर दोन खुर्च्या मावतात, अन् चहा पाव नाही, पुरा येईन. मी म्हणालो, उद्याच्या दिवस खालून पितो, सोमवारी येतो.

अन् मामा, मले वाईट वाटून नाही राहिलं. मले वाटलं होतं वाटंल. एकशे एकोणपन्नास जोड, बराबर नंबराचे, दीडशे लबाडीच्यापेक्षा बरे. (कामिनीबाईचा धरू नका. त्याहीच्या सपाता मी रविवारनंतर घरी नेऊन देतो.)

तं आता हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या शनिवार, अर्धी सुट्टी घेतली आहे. गमबुटाच्या खोक्यातून काढलेला नऊ नंबर माह्या नावावर घेतला, अन् हे पत्र त्याच्यावर ठेवून कन्हानले येऊन राहिलो. मामीनं सांगितलं आठ नंबर घराबाहेर नेला नाही, तळ कोरा आहे, तं तो वापस नेतो. फोटोही सोबत आहे, फ्रेमसकट. साहेब म्हणाले सोनिकासाठी नवीन फ्रेम मोठी आणली आहे, जुनी तुम्हीच ठेवा. तो मामीले देजा. कुठं लावाचा ते त्या पाह्यतीन.

हे वाचत असाल तवा मी तुमच्या समोर खाली बसलो असंन. चष्मा काढा, पत्र बाजूले ठेवा, अन् पाय पुढं करा. उजवा नाही मामा, डावा. गाठ डाव्याले आहे.